बगळ्याचा गुडघा

सिस्टर,

तुमच्या देशात येऊन मला तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत मी एकदाही पोक काढून चाललेली नाही, याला सर्वस्वी तुम्ही जबाबदार आहात. इथे बसचा ड्रायव्हर तुमच्या आवाजात बोलतो. भाजीच्या दुकानातली मुलगी, दवाखान्यातली फोन घेणारी बाई, नळ दुरुस्त करायला आलेला दाढीवाला, सगळे तुमच्याच चढउतारांनी, वाक्याच्या शेवटी तसाच सूर उचलून बोलतात. नागपूरच्या शाळेत हा आवाज एकट्या तुमचा होता. तो व्हरांड्यातून आला की वर्गातल्या चाळीस मुली मोजे वर ओढायच्या. आता मी अडुसष्ट वर्षांची आहे, माझे मोजे जाड लोकरीचे आहेत आणि आपोआप वरच राहतात, तरी परवा ड्रायव्हरने आत सरकायला सांगितल्याबरोबर माझा हात पायाकडे गेला. माझी लेक म्हणते, आई, तुझ्या सिस्टर ट्रली गावच्या, तिकडचा उच्चार डब्लिनपेक्षा अगदी निराळा. तीस वर्षं ट्रंक कॉल जोडलेल्या बाईला कोणी कानांविषयी शिकवू नये. ती नोकरी तरी मला कशामुळे मिळाली होती? तुमच्या त्या इंग्रजीमुळे. एक मात्र कबूल करते. कपाटाला ‘प्रेस’ म्हणायला तुम्ही शिकवलंत आणि त्यापायी मी जन्मभर हसं करून घेतलं. माझा नवरा दर वेळी विचारायचा, कपाटात ठेवू की इस्त्री करून आणू? इथे पहिल्याच आठवड्यात शेजारणीला मी म्हटलं, चहा प्रेसमध्ये आहे, आणि तिने सरळ कपाट उघडलं. शेवटी माझंच बरोबर निघालं. ते बघायला नवरा राहिला नाही, एवढंच वाईट वाटलं.

पण मी हे कौतुक करायला लिहायला बसलेली नाही. एका शपथेचं प्रकरण आहे. त्यातलं अर्धं तुम्हांला माहीत होतं आणि उरलेलं अर्धं मी तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं.

मी लेकीकडे, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरात असते. लेक आणि जावई दोघंही कंप्युटरच्या कंपन्यांत आहेत. शनिवार हा त्यांचा आठवड्याचे कपडे धुण्याचा दिवस, म्हणून दहा वर्षांच्या नातीला घेऊन मी घराबाहेर पडायचं असं ठरलेलं आहे. जवळच्या वाचनालयात शनिवारी सकाळी आजीआजोबा आणि नातवंडांसाठी चित्रकलेचा वर्ग भरतो. शिकवणारा एक हडकुळा तरुण आहे. तो कॉलेजात मी घालायचे तसा अंबाडा घालतो, फक्त त्याचा माझ्यापेक्षा नीट बसतो. पहिल्याच दिवशी त्याने टेबलावर जुनी फ्रेंच चित्रं मांडली. वकिलांचे झगे घातलेले कावळे. उंच टोपीतली डॉक्टरीण जळू. पोटावर जाकिटाची बटणं ताणलेला जमीनदार बेडूक. नाटकगृहाच्या सज्जात पंखा हलवणाऱ्या दोन हंसिणी, नाटकाकडे पाठ करून. बाकीचे आजीआजोबा हसत होते. मी मात्र हसले नाही, कारण त्या हंसिणींना मी ओळखत होते. मला त्या नागपुरात भेटल्या होत्या, तुमच्या प्रेसमध्ये.

त्या प्रेसची किल्ली तुमच्या जपमाळेशेजारी लटकत असे. आत रंगपेट्या, डिंकाची बरणी आणि ते तपकिरी फ्रेंच पुस्तक. बदली होऊन गेलेल्या कुणा फ्रेंच पाद्रीबाबांनी ते मागे सोडलं होतं म्हणे. त्यातली काही पानं तुम्ही कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बंद केली होती आणि आम्हांला अर्थातच तेवढ्याच पानांत रस होता. उन्हाळ्याची सकाळ आहे, खसाचे पडदे ओले केलेत, तुम्ही पुस्तक छातीशी उभं धरून एकेक पान आम्हांला दाखवता आहात. तुम्ही सांगता की त्या देशात एके काळी राजाच्या माणसांची टर उडवणारं चित्र काढलं तर तुरुंगात जावं लागे. मग चित्रकारांनी काय केलं? मंत्र्याचा कोट पोपटाच्या अंगात चढवला. पोलीस दारात आले तर म्हणायचं, साहेब, हा नुसता पोपट आहे. आम्ही हसतो. तुम्ही हसत नाही. तुम्ही म्हणता, “कोट कुणीही काढेल. आधी प्राणी नीट बघा. प्राणी खोटा निघाला तर माणूसही खोटाच निघतो.” शाळेत शिकवलेलं बाकी सगळं मी सावकाशीने विसरले. हे एक वाक्य मात्र मी जरुरीपेक्षा जास्त मनावर घेतलं.

पुढचं तुम्हांला आठवत असेल. पांढरा झगा, लांब मान, सकाळच्या प्रार्थनेला एका जागी न हलता उभं राहायची ती पद्धत. दुसरं काही काढणं शक्यच नव्हतं. मी भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर बगळा काढला. त्याला तुमचा झगा घातला, गळ्यात माळ घातली, माळेत मण्यांऐवजी मासे ओवले आणि समोर दोन वेण्या घातलेल्या बेडक्या रांगेत उभ्या केल्या. वही बाकांखालून पाचव्या रांगेपर्यंत पोहोचली आणि तिथे ती तुमच्या हाताला लागली. तुम्ही मला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत. मी मार खायच्या तयारीने उभी होते. तुम्ही चित्र खिडकीपाशी नेलंत, चश्मा वर केलात, आणि इतका वेळ बघत राहिलात की बाहेर माझी रिक्षा निघून गेली.

मग तुम्ही म्हणालात, “गुडघा चुकलाय.”

सिस्टर, बोलणी खायची माझी तयारी होती, पण या बोलण्याची नव्हती. तुम्ही लाल पेन्सिल घेतलीत आणि माझ्या बगळ्याच्या पायावर, म्हणजे तुमच्याच पायावर, ती दुरुस्ती केलीत. पक्ष्याचा पाय मधे जिथे मागे वाकतो तो त्याचा गुडघा नव्हे, ती टाच. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. “तू बगळा न बघता काढलास,” तुम्ही म्हणालात, आणि मासे ओवण्यापेक्षा हा गुन्हा मोठा असल्यासारखा तुमचा आवाज होता. त्यानंतर तुम्ही पान फाडून घडी घातलीत, झग्याच्या खिशात ठेवलंत आणि सांगितलंत की मदरनी हे बघितलं तर तुला शाळेतून काढतील, तेव्हा पुन्हा कुठल्याही सिस्टरचं असं चित्र काढणार नाही असा शब्द दे. शब्द द्यायला माझी हरकत नव्हती. पण नुसता शब्द मला अपुरा वाटला. गुन्हा मोठा होता, सुटकाही मोठी होती. म्हणून मी गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि मराठीत म्हटलं, “तुमची शप्पथ.” तुम्ही विचारलंत, हे काय? मी सांगितलं, आमच्यात याहून पक्कं काही नसतं. तुम्ही म्हणालात, मग चालेल.

इथून पुढचं अर्धं तुम्हांला माहीत नाही. ज्याची शपथ घ्यायची आणि मोडायची, तो माणूस मरतो. नागपुरात हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. शपथ मोडायचीच असेल तर त्या माणसाच्या तोंडून आधी ‘सुटली’ असं म्हणवून घ्यावं लागतं. त्याने म्हटलं की कुणाला काही होत नाही. हे सगळं इंग्रजीत सांगता येण्याइतकं माझं इंग्रजी तेव्हा चांगलं होतं, ते तुम्हीच चांगलं केलं होतं. तरी मी सांगितलं नाही. मी तुमचा जीव तारण ठेवला आणि तुम्हांला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

आणि मी ती शपथ आठ दिवसांत मोडली. दोष तुमचा आहे. गुडघा चुकलाय असं म्हटल्यावर माणसाने स्वस्थ कसं बसावं? रविवारी वडील मला तलावावर घेऊन गेले, तिथे खरा बगळा उभा होता. मी तासभर त्याच्या टाचेकडे बघितलं आणि घरी येऊन पुन्हा काढला. झगा तोच. पाय बरोबर आला. इतका बरोबर आला की मी ते चित्र तुम्हांला दाखवणार होते, शिक्षा झाली तरी चालेल म्हणून. सोमवारी तुम्ही वर्गावर आला नाहीत. तुम्हांला ताप असल्याचं कळलं. पुढल्या आठवड्यात कळलं, कावीळ. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेला तुमच्या जागी दुसऱ्या सिस्टर उभ्या होत्या, बुटक्या, मान अजिबात नसलेल्या. त्यांनी तुमच्या आत्म्याच्या शांतीसाठी आम्हांला डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले नाहीत. मला वाटलं, मी मिटले तर हे माझ्यामुळे झालं ते सगळ्यांना कळेल.

चित्र मी चुलीत घातलं आणि त्यानंतर कधीच काही काढलं नाही. मुलीच्या शाळेच्या वहीत आंबासुद्धा नाही. पुढे टेलिफोन खात्यात लागले. तिथे दिवसभर नुसते आवाज, चेहरे नाहीत. लोकांना ते काम कंटाळवाणं वाटायचं, मला सोयीचं होतं.

आता वाचनालयात परत येते. अंबाड्याने आम्हांला काम दिलं की तुमच्यावर ज्याची सत्ता चालते त्याला प्राणी करा आणि त्याचे कपडे घाला. मी म्हटलं, मी काढत नाही. त्याने गोड आवाजात विचारलं, तुमच्या संस्कृतीत हे चालत नाही का? मी त्याला सांगितलं की माझ्या संस्कृतीत फुकटचे अंदाज बांधलेले चालत नाहीत, आणि हाताची घडी घालून बसले. शेजारी नात खाली मान घालून काढत होती. मी कौतुकाने बघत होते. बिचारी शाळेच्या मुख्याध्यापकांना काढत असेल, किंवा फार तर बापाला. तासाच्या शेवटी तिने कागद फिरवला.

ती कोंबडी होती, सिस्टर. साडी नेसलेली, साडीवर गुडघ्यापर्यंत निळा रेनकोट, पायांत खेळाचे बूट, साखळीला अडकवलेला चश्मा. एक पंख उंचावून ती कचऱ्याच्या तीन डब्यांतल्या बरोबर डब्याकडे कुणाला तरी दटावून बोट दाखवत होती. मान सरळ आणि डोळा मात्र बाजूने, सगळं बघणारा. निदान घुबड काढायचं. मोर म्हणत नाही मी, पण घुबड तरी. अंबाडा इतका हसला की त्याचा अंबाडा सुटला. त्याने ते चित्र वाचनालयाच्या दाराशी महिनाभर लावायची परवानगी मागितली. घरी लेक हसत हसत जिन्यावर बसली. जावई शहाणा आहे, तो धुलाईयंत्राकडे निघून गेला.

मी म्हटलं, हे कुठेही लागणार नाही. नात इथेच वाढली आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते, तेही तुमच्या सुरात. ती शांतपणे म्हणाली, “पण आज्जी, ही तू नाहीस. ही नुसती कोंबडी आहे.” पोलीस दारात आले तर काय सांगायचं, हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. माझा पारा चढला. मी तिचा हात धरून माझ्या गळ्याशी नेला आणि म्हटलं, घे माझी शप्पथ, पुन्हा आज्जीची कोंबडी करणार नाहीस. तिने विचारलं, मोडली तर? मी म्हटलं, तर मी मरेन. ती म्हणाली, “ग्रँड.” म्हणजे चालेल. तुमच्याकडे चहाला, पावसाला आणि मरणाला हा एकच शब्द चालतो, हे मला आता सवयीचं झालंय.

दहाव्या दिवशी मला ताप भरला. फ्लू होता. अर्ध्या ब्लँचर्डस्टाउनला झाला होता. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, पडून राहा, पाणी प्या. मी पडून राहिले. नात खोलीत येईना. दाराशी यायची, बघायची, निघून जायची. मला वाटलं, लेकीने लागण होऊ नये म्हणून बजावलं असेल. तिसऱ्या दिवशी लेकीने सांगितलं की शाळेतून फोन आला होता, ही वर्गात रडते, डबा तसाच परत आणते आणि कारण सांगत नाही. त्या दुपारी शाळेतून आल्याआल्या, कोटसुद्धा न काढता, ती माझ्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिचे मोजे घसरले होते. तुमच्यासारखं काही बोलायची माझी इच्छा झाली नाही.

तिने विचारलं, “तू खरंच मरणार का?”

मी म्हटलं, डॉक्टर नाही म्हणतात.

“डॉक्टरांना माहीत नाहीये,” ती म्हणाली. “मी परत काढली. फक्त पाय. पहिल्या चित्रात बूट होते ना, बोटं दिसत नव्हती. मला बोटं जमतात का ते बघायचं होतं.”

सिस्टर, मला खोकला येत होता, तो थांबला. मी तिच्याकडे बघत होते आणि मला नागपूरचं तळं दिसत होतं. मी उठून बसले आणि म्हटलं, “सुटली.”

तिला ते कळलं नाही. तिला अर्धीच शपथ माहीत होती, कारण शिकवतानाही मी अर्धीच शिकवली होती. मग मी तिला सगळं सांगितलं, सुटली म्हणजे काय आणि ते कोणी म्हणायचं असतं. तिने बारकाईने चौकशी केली. आत्तापासून सुटली की आधीपासून? मी म्हटलं, आधीपासून, तू पेन्सिल उचललीस तेव्हापासून. असं चालतं का? चालतं, आज्जीने म्हटलं की चालतं. तेव्हा कुठे ती पलंगावर बसली, माझ्या ताटलीतलं बिस्किट खाल्लं, आणि मग मी तिला तुमच्याविषयी सांगितलं. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांना झालं काय होतं?”

“कावीळ.”

“म्हणजे पाण्यातून झाली असेल. आम्हांला शाळेत शिकवलंय. चित्रामुळे कावीळ होत नाही, आज्जी.” हे तिने बिस्किट खाता खाता सांगितलं, जसं मी तिला कचऱ्याचा कुठला डबा ते सांगते. मलाही हे ठाऊक होतं, सिस्टर, मी काही अडाणी नाही. पण अडुसष्टाव्या वर्षी ठाऊक असणं वेगळं आणि बाराव्या वर्षी कुणीतरी तोंडाने सांगणं वेगळं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही. मी थोडी रडले. ती घाबरली, म्हणून मी फ्लूवर ढकललं.

मग तिने विचारलं, “आणि त्यांनी तुला सुटली म्हटलं नाही?” मी म्हटलं, त्यांना म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “मग आता सांग.” जणू तुम्ही खालच्या मजल्यावर आहात.

तर सिस्टर, सांगितलं. हे पत्र त्यासाठी आहे.

त्या दुपारी तिने मला आणखी एक गोष्ट करायला लावली. गुडघा कुठे चुकला होता ते दाखव म्हणाली. मी औषधाच्या खोक्यातला कागद उलटा केला आणि तिच्या पेन्सिलीने पाय काढून दाखवला, ही टाच, हा गुडघा पिसांत. हाताला सगळं आठवत होतं. बरी झाल्यावर मी कालव्याकाठी जायला लागले. तिथे तुमचा इकडचा बगळा असतो, अंगाने राखाडी आणि आपल्या बगळ्याहून दुप्पट, सकाळच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा. मी त्याला गुड मॉर्निंग सिस्टर म्हणते. चालायला आलेले लोक हसून मान डोलावतात, त्यांना यात काही वावगं वाटत नाही.

कोंबडी आता वाचनालयाच्या दाराशी लागली आहे. मी दोन अटी घातल्या. एक, बूट काढायचे आणि बोटं दाखवायची, ती तिला सुरेख जमतात. दुसरी, साडीच्या निऱ्या सुधारायच्या. कार्टीने निऱ्या न बघता काढल्या होत्या. मी लाल पेन्सिल घेतली आणि ‘न बघता काढल्यास’ म्हणत तिच्या चित्रावर निऱ्या दुरुस्त केल्या, आणि तेव्हा मला कळलं की मी कुणाच्या आवाजात बोलते आहे. बसथांब्यावर एका अनोळखी बाईने मला विचारलं, दाराशी आहे ती कोंबडी तुम्हीच ना? मी म्हटलं, नाही, ती नुसती कोंबडी आहे.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही माझ्या गावात पुरलेल्या आहात आणि मी तुमच्या देशात येऊन बसले आहे, दोघींचेही पत्ते चुकलेले. म्हणून ते प्रेसमध्ये ठेवते, नव्या चित्राच्या घडीत. होय, चित्र पुन्हा काढलंय, झगा, माळ, मासे, सगळं. सुटली असं तुम्ही म्हणालात हे मी गृहीत धरलं. गुडघा या वेळी बिनचूक आहे, हवं तर तपासा. मान मात्र होती त्यापेक्षा मी जरा लांबच काढली आहे, आणि ते चुकून नाही.